विकलेला आयात माल ग्राहकांकडून परत आला आणि तो पुरवठादाराकडे परत पाठवायचा आहे. भरलेले सीमाशुल्क किती आणि कसे मिळते?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दारव्हा तालुक्यात कृषी केंद्र चालवता. आयात-निर्यात कोड काढून आपण यंदा मे महिन्यात चीनमधून बॅटरीवर चालणारे 500 फवारणी पंप मागवले आणि ते नागपूरच्या आयसीडीतून (बंदरापासून दूर असलेल्या कंटेनर डेपोतून, जेथे कस्टमची तपासणी होते) सोडवून घेतले. काही पंप स्वतः विकले, काही दिग्रस, पुसद आणि कारंजा भागातील लहान दुकानदारांना दिले. हंगाम सरत आला तसे 140 पंप परत आले. त्यांपैकी 92 खोकी उघडलेलीच नाहीत, तर 48 पंप शेतकऱ्यांनी वापरून, प्रेशर येत नाही किंवा बॅटरी टिकत नाही म्हणून परत केले आहेत. पुरवठादार माल परत घेऊन रक्कम देण्यास तयार आहे. आता आयातीच्या वेळी भरलेले शुल्क परत मिळेल का, आणि ‘सगळेच परत मिळते’ असे आपल्या ओळखीचे एक गृहस्थ म्हणतात ते खरे आहे का, असे आपण विचारले आहे.

शुल्क परत मिळते, पण सगळे मिळत नाही, आणि जे मिळते ते बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा बरेच कमी असते. मी गेली 22 वर्षे नागपुरात कस्टम ब्रोकर म्हणून हे काम करतो. या अनुभवावरून सांगतो, की असे दावे कायद्याच्या कलमावर क्वचित अडतात. ते अडतात ते एका साध्या प्रश्नावर: आज देशाबाहेर चाललेली वस्तू तीच आहे का, जी त्या दिवशी आत आली होती? या प्रश्नाचे उत्तर आयसीडीच्या शेडमध्ये तयार होत नाही. ते आपल्या दुकानाच्या गल्ल्यावर, माल परत घेताना लिहिलेल्या कागदावर तयार होते.

आधी कलमे पाहू, कारण त्यांचा गोंधळ फार होतो. सीमाशुल्क अधिनियम, 1962 मध्ये आपल्यासारख्या प्रकरणाला लागू होऊ शकतील असे दोन मार्ग आहेत. पहिला कलम 26-अ चा. आयात केलेला माल सदोष निघाला किंवा ठरलेल्या वर्णनाप्रमाणे नसला, तर तो परत निर्यात करून, किंवा त्यावरील हक्क सोडून तो कस्टमच्या स्वाधीन करून, किंवा अधिकाऱ्यासमक्ष नष्ट करून शुल्काचा परतावा मागता येतो. हा मार्ग ऐकायला सर्वांत चांगला आहे, कारण यात शुल्कातून काहीच कापले जात नाही. मात्र माल सोडवून घेतल्याच्या आदेशापासून 30 दिवसांच्या आत ही कृती व्हावी लागते. पुरेसे कारण दाखवल्यास आयुक्त ही मुदत तीन महिन्यांपर्यंत वाढवू शकतात, आणि परताव्याचा अर्ज सहा महिन्यांत करावा लागतो. शिवाय दोष शोधण्यासाठी अपरिहार्य असेल तेवढाच वापर चालतो. मे महिन्यात आलेला पंप जुलैत पहिल्यांदा वावरात जातो आणि सप्टेंबरात परत येतो, तेव्हा किरकोळ विक्रीच्या मालासाठी हा दरवाजा बहुधा बंदच झालेला असतो. पुढच्या वर्षासाठी मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी: माल गोडाऊनमध्ये उतरल्यावर पहिल्याच आठवड्यात प्रत्येक बॅचमधील दहा-बारा पंप साध्या पाण्याने चालवून पाहावेत आणि त्याची लेखी नोंद करावी. दोष तेव्हाच सापडला, तर 26-अ चा मार्ग मोकळा असतो.

दुसरा मार्ग, म्हणजेच आपला मार्ग, कलम 74 चा आहे. यात परताव्याला ड्रॉबॅक म्हणतात. शुल्क भरून आयात केलेला माल सहज ओळखता येण्यासारखा असेल, तो तोच आहे अशी सहायक किंवा उप आयुक्तांची खात्री पटली आणि शुल्क भरल्याच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत तो निर्यातीसाठी दाखल झाला, तर भरलेल्या आयात शुल्काच्या 98 टक्के रक्कम परत मिळते. हा दर न वापरलेल्या मालाचा आहे. वापरलेल्या मालासाठी 1965 च्या 19 क्रमांकाच्या अधिसूचनेतील उतरते दर लागतात: तीन महिन्यांपर्यंत 95 टक्के, सहापर्यंत 85, नऊपर्यंत 75, बारापर्यंत 70, पंधरापर्यंत 65, अठरापर्यंत 60 आणि त्यानंतर काहीच नाही.

या दरांबाबत एक बारकावा आहे, आणि तो ऐकून अनेक व्यापारी चमकतात. हे महिने प्रत्यक्ष वापराचे मोजले जात नाहीत. माल देशांतर्गत वापरासाठी सोडल्याच्या तारखेपासून तो निर्यातीसाठी पुन्हा कस्टमच्या ताब्यात दिल्याच्या तारखेपर्यंतचा सगळा काळ मोजला जातो. एखाद्या शेतकऱ्याने पऱ्हाटीवर एकच सकाळ फवारणी केली, दुपारी पंप आणून दिला आणि तो आपल्या गोडाऊनमध्ये पाच महिने पडून राहिला, तरी तो पाच महिने वापरलेलाच धरला जातो. आपला माल 14 मे रोजी सुटला आहे. म्हणजे 14 नोव्हेंबरपूर्वी वापरलेले पंप आयसीडीत पोहोचले असते तर 85 टक्के मिळाले असते. ती तारीख गेली, आता 14 फेब्रुवारीपर्यंत 75 टक्के आहेत. उलट न उघडलेल्या 92 पंपांना अशी उतरण नाही. त्यांना दोन वर्षांपर्यंत 98 टक्केच.

विकली गेलेली वस्तू ‘वापरलेली’ ठरते का, हा प्रश्न येथे साहजिकच येतो. विक्री म्हणजे वापर नव्हे. आपल्याकडून दिग्रसच्या दुकानदाराकडे गेलेले आणि मूळ सीलसह परत आलेले खोके कायद्याच्या दृष्टीने न वापरलेलेच आहे. पण हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे, आणि शिपिंग बिलावर (निर्यातीसाठी कस्टमकडे दाखल करायच्या घोषणापत्रावर) माल वापरात आणला की नाही याचे स्पष्ट निवेदन आपल्यालाच करावे लागते. या निवेदनात चलाखी करू नये. वापरलेले पंप पुसून, नवीन खोक्यात घालून 98 टक्क्यांच्या ढिगात मिसळण्याचा सल्ला बाजारात हमखास मिळतो. खोट्या निवेदनासाठी कलम 114-अअ खाली मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो, माल जप्त होऊ शकतो ते वेगळेच. शिवाय फवारणीचा पंप लपत नाही. कीटकनाशक एकदा टाकीत गेले, की कितीही धुतले तरी झाकण उघडताच त्याचा उग्र वास नाकात जातो आणि नोझलच्या चाळणीत पांढरा थर दिसतो. तपासणी अधिकाऱ्याला तेवढे पुरते.

आता पैशाचा हिशेब करू. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून प्रति पंप निर्धारणीय मूल्य (ज्या किमतीवर शुल्क आकारतात ती) 2,000 रुपये, मूळ सीमाशुल्क साडेसात टक्के, त्यावर 10 टक्के समाजकल्याण अधिभार आणि आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) 18 टक्के असे धरतो. आपले खरे दर आपल्या बिल ऑफ एंट्रीवरून, म्हणजे आयातीच्या वेळी कस्टमकडे दाखल केलेल्या घोषणापत्रावरून, घ्यावेत. मूळ शुल्क 150 रुपये, अधिभार 15 रुपये, आणि 2,165 रुपयांवर आयजीएसटी 389 रुपये 70 पैसे. 500 पंपांवर एकूण 2,77,350 रुपये भरले गेले. आपल्या ओळखीच्या गृहस्थांच्या डोळ्यांसमोर बहुधा हा मोठा आकडा आहे. पण आपण जीएसटीत नोंदणीकृत आहात, त्यामुळे आयजीएसटीचे इनपुट क्रेडिट, म्हणजे भरलेल्या कराची वजावट, आपण मे महिन्यातच घेतले असेल. क्रेडिट घेतलेल्या कराचा ड्रॉबॅक मिळत नाही. एकाच रकमेचा लाभ दोनदा घेता येत नाही, आणि क्रेडिट घेतले नसल्याचे प्रमाणपत्र किंवा निवेदन दाव्यासोबत मागितलेच जाते. याचा अर्थ ते पैसे बुडाले असा नाही. ते आपल्या क्रेडिट लेजरमध्ये आहेत आणि इतर विक्रीवरील करासाठी वापरता येतात. निर्यात ही शून्य दराची विक्री असल्यामुळे, हे पंप एलयूटी (कर न भरता निर्यात करण्यासाठीचे हमीपत्र) भरून पाठवले तर त्यासाठी क्रेडिट उलटवण्याची गरज पडत नाही. म्हणून आयजीएसटीचा ड्रॉबॅक मागण्यासाठी क्रेडिट उलटवण्याच्या खटाटोपात पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उरले प्रति पंप 165 रुपये. न उघडलेल्या 92 पंपांवर 98 टक्क्यांनी 14,876 रुपये 40 पैसे होतात. वापरलेल्या 48 पंपांवर 75 टक्क्यांनी 5,940 रुपये. एकूण 20,816 रुपये 40 पैसे. त्यातून दारव्ह्याहून नागपूरपर्यंतचे ट्रकभाडे, आयसीडीचा हाताळणी खर्च, ब्रोकरची फी आणि समुद्रमार्गे अर्ध्या कंटेनरचे भाडे वजा करा. केवळ ड्रॉबॅकसाठी माल परत पाठवणे परवडणारे नाही, हे येथे उघड होते. पुरवठादार प्रत्येक पंपाचे पूर्ण पैसे किंवा बदली पंप देणार असेल, आणि परतीचे जहाजभाडे तो उचलणार असेल, तरच हा व्यवहार उभा राहतो; ड्रॉबॅक हा त्यावरचा थोडासा दिलासा. ज्या वस्तूंवर मूळ शुल्क 20 टक्के किंवा त्याहून अधिक असते, तेथे चित्र वेगळे असते.

आता ओळखीकडे वळतो, कारण आपले 14,876 रुपये त्यावरच अवलंबून आहेत.

पेट्रोलवर चालणाऱ्या कटरला इंजिन नंबर असतो, मोबाईलला आयएमईआय असतो. आपल्या पंपांना स्वतंत्र नंबर नाहीत, असे आपण लिहिले आहे. तरीही ते अगदीच अनोळखी नाहीत. आपल्याकडील एक पंप उलटा करून टाकीच्या तळाशी बोट फिरवून पाहा. साच्यातून काढलेल्या प्लॅस्टिकवर बहुधा घड्याळासारखे एक लहान वर्तुळ उठलेले असते. कडेला 1 ते 12 आकडे आणि मधोमध बाण व वर्षाचे दोन अंक. तो साच्याचा महिना-वर्ष आहे. मोटरवर बॅच नंबरचा कागद चिकटवलेला असतो, चार्जरवर वेगळा. आणि खोक्यावर आपण स्वतः लावलेले लेबल असते: वैधमापनशास्त्राच्या 2011 च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांप्रमाणे आयातदाराचे नाव-पत्ता, एमआरपी, महिना-वर्ष. बहुतेक आयातदार हे लेबल म्हणजे एक कटकट समजतात. प्रत्यक्षात ‘हा माल मीच आणला’ याचा याहून सोपा पुरावा दुसरा नाही. या चारही खुणा आयातीच्या वेळच्या पॅकिंग लिस्टशी, कॅटलॉगशी आणि पुरवठादाराच्या पत्राशी जुळल्या पाहिजेत. अमुक इन्व्हॉइसखाली अमुक बॅच पाठवली, असे पत्र पुरवठादाराकडून आत्ताच मागवून घ्यावे. माल त्याच्या हातात पडल्यावर त्याला पत्र लिहिण्याची घाई राहत नाही.

येथे माझी स्वतःची एक चूक सांगतो. व्यवसायातील सुरुवातीच्या वर्षांत, वर्धा जिल्ह्यातील एका व्यापाऱ्याच्या चार्जिंग टॉर्चचा दावा मी दाखल केला होता. त्याने एकाच वर्षात दोन खेपा आणल्या होत्या, दिसायला अगदी सारख्या. परत आलेला माल एकाच गोडाऊनमध्ये होता आणि मी तो सगळा दुसऱ्या खेपेच्या बिल ऑफ एंट्रीवर दाखवला. तपासणीच्या दिवशी अधिकाऱ्याने सातवे की आठवे खोके उघडले, लेबलवर अंगठा घासला आणि मला शांतपणे विचारले, “हे मार्चचे आहे, तुमची एंट्री तर ऑगस्टची आहे ना?” त्या ढिगात चाळीसेक टॉर्च पहिल्या खेपेच्या निघाल्या. पहिल्या खेपेचे शुल्क तितकेच भरलेले होते, सरकारचे एका पैशाचेही नुकसान नव्हते. पण ओळख जुळली नाही, आणि जुळली नाही ती केवळ त्या चाळीसांची नव्हे. विश्वास एकदा गेल्यावर संपूर्ण ढीग एकेक करून तपासला गेला. दावा अखेर निम्म्यावर आला. तेव्हापासून माल ट्रकमध्ये चढण्यापूर्वी मी स्वतः गोडाऊनवर जातो आणि प्रत्येक खोके हातात घेऊन पाहतो.

आपल्या प्रकरणात दुसरा कच्चा दुवा आहे तो ग्रामीण दुकानदारीच्या रीतीचा. शेतकरी पंप घेऊन येतो, ‘हा चालत नाही’ म्हणतो, दुकानदार तो ठेवून घेतो आणि दुसरा देतो. कागद होत नाही. फार तर डायरीत ‘बदलून दिला’ एवढी ओळ पडते. कापूस विकल्यावर पैसे द्यायचे असल्याने मूळ बिलही अनेकदा कच्चेच असते. माणुसकीच्या व्यवहाराला हे ठीक आहे, पण कस्टमच्या दृष्टीने तो पंप आपल्याकडे कोणत्या नात्याने आला, हे सांगणारा एकही कागद राहत नाही. तो आपण विकलेला होता की शेजारच्या गावातील दुसऱ्याच दुकानाचा, कोण सांगणार? म्हणून दिग्रस, पुसद आणि कारंज्याच्या दुकानदारांकडून परत आलेल्या प्रत्येक पंपासाठी विक्रीचे बिल, जीएसटी कायद्याच्या कलम 34 खालील क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम बिलातून वजा करणारा कागद) आणि खोक्यावरील बॅच यांची एकास एक यादी करावी. क्रेडिट नोटची मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले तर तोपर्यंतच असते. आपली मुदत अजून शिल्लक आहे, तेव्हा बदलून दिलेल्या पंपांचे कागद नियमित करायला वाव आहे. मागच्या तारखेचे कागद मात्र करू नयेत. आजच्या तारखेची क्रेडिट नोट आणि सोबत दुकानदाराचे एक साधे पत्र पुरते.

प्रत्यक्ष निर्यातीची कृती अशी. शिपिंग बिल दाखल करतानाच त्यावर ही निर्यात कलम 74 च्या ड्रॉबॅक दाव्याखाली आहे, आयातीचे शुल्क भरलेले आहे आणि माल वापरात आणला आहे किंवा नाही, ही निवेदने असली पाहिजेत. सर्वाधिक दावे येथे मरतात. नवखा ब्रोकर नेहमीच्या सवयीने साधे ‘फ्री’, म्हणजे ड्रॉबॅकचा दावा नसलेले, शिपिंग बिल करतो, किंवा भारतात तयार झालेल्या मालासाठी असलेला कलम 75 चा ड्रॉबॅक टाकतो. माल जहाजावर चढल्यानंतर चूक लक्षात येते, पण तेव्हा ओळख पटवण्यासाठी मालच समोर नसतो. 48 वापरलेले पंपही पाठवायचे ठरवलेच (माझा सल्ला तसा नाही, ते शेवटी सांगतो), तर 92 आणि 48 पंप दोन वेगळ्या शिपिंग बिलांवर, वेगळ्या पॅलेटवर, वेगळ्या रंगाच्या पट्ट्या बांधून पाठवावेत. सोबत मूळ बिल ऑफ एंट्री, आयातीचे इन्व्हॉइस, शुल्क भरल्याचा पुरावा, निर्यातीचे इन्व्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट द्यावी लागते. निर्यात शक्यतो नागपूरच्या आयसीडीतूनच करावी. माल तेथेच सुटला होता, त्यामुळे जुनी कागदपत्रे पडताळणे अधिकाऱ्याला सोपे जाते.

निर्यातीच्या इन्व्हॉइसवर किंमत टाकताना पुरवठादार हमखास सांगतो, की नग एक डॉलर लिहा, म्हणजे आमच्याकडे शुल्क कमी लागेल. ते ऐकू नये. मालाची बाजारभावाने किंमत ड्रॉबॅकच्या रकमेपेक्षा कमी असेल, तर कलम 76 प्रमाणे ड्रॉबॅक मिळतच नाही, आणि आपणच लिहिलेली एक डॉलरची किंमत आपल्याविरुद्ध उभी राहते. बँकेशीही आधीच बोलून घ्यावे. आपली आयातीची रक्कम ज्या अधिकृत बँकेतून गेली, तिला हा परतीचा माल आहे, पैसे परत येणार आहेत की बदली माल येणार आहे, हे पत्राने कळवावे. नाहीतर शिपिंग बिलाची रक्कम बँकेच्या प्रणालीत वसूल न झालेली निर्यात म्हणून लटकत राहते आणि पुढच्या व्यवहारात त्रास देते.

कलम 75 मध्ये शिपिंग बिल हाच दावा समजला जातो. कलम 74 मध्ये तसे नाही. माल बाहेर नेण्याची परवानगी, म्हणजे लेट एक्सपोर्ट ऑर्डर, मिळाल्यापासून तीन महिन्यांत 1995 च्या पुनर्निर्यात ड्रॉबॅक नियमांप्रमाणे वेगळा दावा दाखल करावा लागतो, आणि त्याला तपासणी अहवाल असलेले शिपिंग बिल व बिल ऑफ लेडिंग (माल जहाजावर घेतल्याची जहाज कंपनीची पावती) जोडावे लागते. मुदत चुकली तर सहायक किंवा उप आयुक्त आणखी तीन महिने देऊ शकतात, त्यापुढे आयुक्त सहा महिने देऊ शकतात, पण त्यासाठी फी भरावी लागते. दावा अपूर्ण असेल तर त्रुटीपत्रासह परत येतो आणि व्याजाच्या हिशेबासाठी तो दाखलच झाला नव्हता असे मानले जाते. पूर्ण दावा दिल्यानंतर महिन्यात पैसे आले नाहीत, तर पुढे वार्षिक सहा टक्क्यांनी व्याज देय होते. दावा फेटाळला गेल्यास 60 दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येते. तेथेही निराशा झाली, तर ड्रॉबॅकचे प्रकरण न्यायाधिकरणात जात नाही. केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज करावा लागतो. 14 हजारांसाठी कोणी इतके लांब जाणार नाही, हे खरे.

आता त्या 48 पंपांविषयी. ते परत पाठवू नयेत, असा माझा सल्ला आहे. मिळणारे 5,940 रुपये खर्चात संपतील, आणि अडचण केवळ पैशाची नाही. आपल्या पंपात लिथियम बॅटरी आहे. सदोष किंवा फुगलेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवण्यास बंदी आहे, आणि जहाजानेही ती धोकादायक माल म्हणून जाहीर करून, वेगळ्या पॅकिंगमध्येच जाते. कीटकनाशकाचा अंश असलेली टाकी तर शिपिंग लाइन पाहताक्षणी नाकारू शकते. त्याऐवजी पुरवठादाराला प्रत्येक पंपाचा बॅच नंबर दिसेल असा फोटो आणि चालवून दाखवलेला छोटा व्हिडिओ पाठवावा, आणि माल परत न घेता क्रेडिट देण्याविषयी लेखी संमती घ्यावी. माझ्या अनुभवात, वापरलेला पंप परत स्वीकारण्यापेक्षा ते यालाच लवकर तयार होतात. लान्स (फवारणीच्या नळ्या), पट्टे, चार्जर आणि चांगल्या मोटरी सुट्या भागांसाठी काढून ठेवाव्यात, कारण उरलेले 360 पंप अजून लोकांच्या पाठीवर आहेत आणि पुढच्या आषाढात त्यांना सुटे भाग लागणार आहेत. टाक्या पिण्याच्या पाण्यासाठी कोणी नेणार नाही, अशा प्रकारे भोक पाडून मगच भंगारात द्याव्यात. बॅटऱ्या मात्र भंगारवाल्याला देऊ नयेत. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे आयातदार या नात्याने त्यांची जबाबदारी आपल्यावरच येते, तेव्हा त्या नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याला देऊन त्याची पावती त्याच फायलीत लावून ठेवावी.